जोतिबाच्या डोंगरावर हलगी थांबली

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीवर, सात वर्षांच्या सुलूवर, १९८४ च्या जूनमध्ये शाळा उघडली त्याच सोमवारी अन्याय झाला. "हिला वेड्यांच्या शाळेत घाला," म्हणून मास्तरांनी तिला दाराबाहेर काढलं. तशी शाळा कुठं आहे, ते ना त्यांना ठाऊक, ना दवाखान्यातल्या डॉक्टरांना. सुलू बोलत नसे, नजर देत नसे, एकटीच डुलत बसे. ताई कबनूरला मागावर कामाला जाई, तेव्हा सासू पोरीला जुन्या लुगड्यानं खांबाला बांधून ठेवी. शाळा गेली, म्हणजे आता दिवसभर खांबच. मी पत्रकं वाटणारा माणूस. यावरही पत्रक काढलं, चौकाचौकात वाटलं. गाठ काही सुटली नाही.

ताईनं जोतिबाला साकडं घालायचं ठरवलं.

"देव काय शाळा काढणार हाय?" मी म्हणालो.

"तुझ्या कागदानं काढली व्हय?"

रविवारी सुलूला घेऊन तिच्यामागून डोंगर चढलो.

आवारात कुणीतरी नवस फेडत होतं. गुलाल उडाला, चांगभलंची आरोळी उठली आणि हलगी कडाडली. सुलूनं कान दाबून किंकाळी फोडली, जमिनीवर बसून जोरजोरात डुलू लागली. "अंगात आलंय पोरीच्या!" कुणीतरी ओरडलं. मग काय! बाया पाया पडू लागल्या, मळवट भरू लागल्या. एकीनं तर सुनेला दिवस कधी जातील तेही विचारून घेतलं. पोर जितकी किंचाळे, तितकी हलगी जोर धरी. मी घसा फोडून ओरडत होतो. सभा गाजवणारा माझा आवाज तिथं कुणाच्या कानावर गेला नाही. ताईनं डोळे मिटून हात जोडले. "तुझंच लेकरू हाय. आता तूच बघ."

तेवढ्यात गर्दीत कोपरं मारत एक म्हातारी पुढं आली. "सरका गं! अंगात-बिंगात काय न्हाय. आवाज सोसंना तिला. वाजप थांबव रं!"

"देवाचं वाजप हाय, आज्जी. मधी थांबवत न्हाईत."

"मग देवाला माझं नाव सांग की!"

हलगीवाल्यानं सुलूकडं पाहिलं आणि थरथरत्या चामड्यावर तळवा सपाट टेकवला. म्हातारीनं पोरीला पदराखाली घट्ट धरलं. हळूहळू सुलूचे हात कानांवरून उतरले.

म्हातारी चंदगडची. तिचा नातू असाच. कोल्हापुरात एक बाई आपल्या घराच्या सोप्यात अशा मुलांना शिकवत. भर पावसातही ही नातवाला काखोटीला मारून एसटीनं तिथं पोचायची. "परवा स्वतःच्या हातानं भाकरी मोडली त्यानं. तेच देवाला सांगाय आले."

पुढच्याच आठवड्यात आम्ही त्या सोप्यात होतो. 'ऑटिझम' हा शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. सुलू आजही बोलत नाही. तहान लागली की तांब्या आणून ताईच्या हातात देते. खांब मोकळा आहे.

तो चमत्कार होता का, मी वाद घालत नाही. ताईनं सगळा भार देवावर टाकला, आणि त्यानं चंदगडची म्हातारी पाठवली, एवढं मी पाहिलं. तिच्यापुढं आणि त्या हलगीवाल्याच्या तळव्यापुढं माझं डोकं आपोआप झुकतं.

पण सगळ्या आया त्या रविवारी डोंगरावर नव्हत्या. तुमच्या गल्लीत एखादं लेकरू आत्ता खांबाला असेल. हा कागद खाली ठेवा, जा, ती गाठ सोडा आणि त्याच्या आईबरोबर कोल्हापूरच्या एसटीत बसा.