मम्मीच्या आवाजामागची जागा

रिव्हर्बच्या, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या, प्लगइनमध्ये जागांची नावं दिलेली असतात. कॅथेड्रल, कॉन्सर्ट हॉल, चेंबर, बोगदा. आवाज कोरडा रेकॉर्ड करायचा आणि मग यादीतली एखादी जागा निवडायची. लगेच तो आवाज त्या जागेत उभा राहून निघाल्यासारखा, मागे सावली सोडत ऐकू येतो. यातल्या एकाही जागेत मी कधी गेलेली नाही. आमच्या शाळेची प्रार्थना ज्या हॉलमध्ये व्हायची तिथे मुलींपेक्षा पंखेच जास्त घुमायचे.

मी डिंडोलीत राहते, एका गुजराती शहराच्या कडेला, मम्मी-पप्पांबरोबर. काम घरूनच करते. दुसऱ्यांनी रेकॉर्ड केलेली भाषणं, ऑनलाइन क्लासचे धडे साफ करून द्यायचे, म्हणजे खोकला काढायचा, हॉर्न काढायचे, लांबलेले ‘अं’ काढायचे. दिवसभर कानात कोणीतरी बोलत असतं आणि त्यातलं कोणीच माझ्याशी बोलत नसतं. मला हे बरं पडतं, असं मी विचारणाऱ्यांना सांगत आले आहे. पप्पा जवळच उधन्याला कापडाच्या लूमवर आहेत. खात्यातल्या, म्हणजे कारखान्यातल्या, आवाजाने त्यांना आता हळू बोललेलं कळत नाही, म्हणून आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात, मी सोडून.

त्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसायची होती. खानदेशातून आलेल्या घरांमध्ये ती बसतेच. चौरंगावर नारळ, त्याला नथ आणि दागिने, समोर रोटांचा नैवेद्य, बायकांची गाणी आणि सोमवारी सकाळी डोक्यावरून तापीकडे विसर्जन. इतकी वर्षं हे सगळं काकीच्या भरवशावर चालायचं. काकी म्हणजे पप्पांच्या मोठ्या भावाची बायको. आधी आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच रो-हाऊसमध्ये राहायचो, वर ते आणि खाली आम्ही. मग काकांचं खातं बंद पडलं आणि ते शिरपूरकडे गावाला परत गेले. आम्ही या फ्लॅटमध्ये आलो. तरी श्रावणात काकी यायची. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे येणं शक्यच नव्हतं.

“काकी नही तं मी काय एकलीच कोकलू?” मम्मी म्हणाली. “मोबाईलवर लाई देऊ एखादं गानं.”

मोबाईलवरची ती गाणी मला माहीत होती. बाईचा आवाज कुठेतरी तळाशी आणि वर डीजेचा ढोल. मम्मीने ते इतक्या सहज म्हटलं, की तिला वाईट वाटतंय हे मला फक्त तिच्या हातांवरून कळलं. ती घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते, आणि त्या वेळी ती एकाच खड्यावर अंगठा दाबून बसली होती.

“तू गा,” मी म्हटलं. “मी रेकॉर्ड करते. कानबाईसमोर स्पीकरवर लावू.”

“तुले जमी?”

“हेच तर काम करते मी.”

“मंग चांगलं वाटाले पाहिजे. चार बायास्मा मनी फजिती नको.”

मम्मी अहिराणीत विचारते आणि मी शाळेबाहेर कुठूनतरी गोळा केलेल्या मराठीत उत्तर देते; चिडले की हिंदीत जाते. असं आमचं नेहमीचंच. दोघींना एकमेकींचं सगळं कळतं असं आम्ही धरून चाललो होतो.

पंखा बंद करून, खिडकीवर गोधडी टांगून आम्ही बसलो. दोघींना घाम फुटला. मांडीवरची साडी बाजूला ठेवायला मम्मी तयार नव्हती. हात रिकामे असले की गाणं आठवत नाही म्हणाली. कानबाई माहेरी येते आणि वाटेत तिला काय काय दिसतं, असं ते गाणं. मम्मीने एक ओळ म्हटली आणि ती थांबली. पुढची म्हटली, पुन्हा थांबली. प्रत्येक ओळीनंतर तेवढंच थांबणं, जणू कोणी तिला हात दाखवून अडवत होतं.

“विसरतेस का?”

“विसरसू कसाले? झील नही शे ना. झील नही तं गानं भुंडं वाटस. तठे झील पाहिजे.”

मी मान हलवली. मला काही विचारायचं असलं की आधी मान हलते आणि प्रश्न आतच राहतो. शाळेपासूनची सवय. वर्गात तोंड उघडलं की सगळे वळून बघायचे, माझ्या बोलण्यातलं डिंडोली शोधायचे.

आणि झील मला माहीत होतीच की. हिंदीच्या पुस्तकात होती. मोठं, शांत तळं, त्यात चंद्र, काठावर झाडं. मम्मी कधी असं बोलत नाही. तिची उपमा म्हणजे फार तर ‘फरशी काचसारखी झाली’. ती गाण्यामागे तळं मागते आहे, हे ऐकून मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर मी तळं शोधायला लागले. प्लगइन कंपन्या थोडे दिवस फुकट वापरू देतात. एकामागून एक मी उतरवून घेतली. ‘प्लेट’ नावाच्या रिव्हर्बने मम्मीचा आवाज चकचकीत झाला, पण त्याला स्टीलच्या भांड्याचा वास यायला लागला. कॅथेड्रलमध्ये ती बिचारी दूरच्या दारापाशी उभी असल्यासारखी वाटली. एका प्लगइनच्या फुकट आवृत्तीत मधेच आवाज बंद पडायचा. मम्मी कानबाईच्या वाटेवर निघालेली आणि एकदम कोणी तिच्या तोंडावर हात ठेवलेला. ते मी लगेच काढून टाकलं.

काही प्लगइन अशी असतात की आपण स्वतःच त्यांना एखादी जागा शिकवू शकतो. त्या जागेत फुगा फोडायचा, तो आवाज रेकॉर्ड करायचा आणि प्लगइनला द्यायचा. मग कुठलाही आवाज त्या जागेत गेल्यासारखा होतो. मी दुपारी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात फुगा फोडला. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि तिथल्या मासी वर बघत म्हणाल्या, “कोनो बर्थडे छे?”

“कोईनो नथी, मासी.”

“तो फुग्गो केम फोड्यो?”

मला गुजराती चांगलं येतं, पण याचं उत्तर कुठल्याच भाषेत येत नव्हतं. “फूटी गयो,” म्हणून मी आत पळाले. मायक्रोफोन जिन्यातच राहिला. तो आणायला पुन्हा बाहेर गेले तेव्हा मासी तशाच उभ्या होत्या. जिन्यातला रिव्हर्ब तसा वाईट नव्हता. पण मम्मीचं गाणं त्यात असं वाटायचं, की ती तळमजल्यावरून कोणाला तरी हाका मारते आहे आणि वर कोणी घरी नाही.

शेवटी मला हवं ते सापडलं. लांब, चमचमणारी शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमारा, असलेला एक हॉल. मम्मी ओळ संपवून थांबली की ती शेपूट पसरत जायची आणि पुढची ओळ येईपर्यंत ती रिकामी जागा काठोकाठ भरून टाकायची. मी डोळे मिटून ऐकलं. पाणी दिसलं. हे कोणाला तरी ऐकवावं असं वाटलं, पण असं ऐकवण्याजोगं कोणी नव्हतं. ज्यांची भाषणं मी साफ करते ते लोक ‘रिसीव्ड’ एवढंच लिहितात.

मग मम्मीलाच बोलावलं आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवले. तिने पदर सावरला, जणू फोटो काढतात. थोडं ऐकलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“हाऊ मना आवाज नही शे.”

“तुझाच आहे, मम्मी.”

“मंग मांगे कोन रडी राह्यनं?”

मागे कोणी रडत नव्हतं. तो रिव्हर्ब होता. पण तिने म्हटल्यावर मलाही तेच ऐकू यायला लागलं, आणि एकदा ऐकू आलं की ते जाईना.

“तूच म्हणाली होतीस ना, झील पाहिजे?”

तिने हेडफोन एका कानावरून सरकवला. “हाई झील शे?”

“म्हणजे... पानी जैसा. तालाब.”

मम्मी हसायला लागली. हसताना ती तोंडावर पदर घेते, पण तेवढ्याने ते थांबत नाही. “तलाव! अय माय! कानबाई तापीमा जास, तिले तलावमा कसाले बुडाडस?” मग पुन्हा हसली आणि हसत हसतच म्हणाली, “ते मांगेनं बंद कर. मना आवाज लाव, साधा.”

मला राग आला होता. इतक्या दिवसांचं काम तिने एका हसण्यात पुसलं होतं. मी रिव्हर्ब बंद केला आणि कोरडं रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. तिने दोन्ही हेडफोन घट्ट दाबून धरले. गाणं फक्त तिच्या कानात चाललं होतं.

आणि एकदम ती गायला लागली. मोठ्याने. हेडफोन लावले की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, तसं. अर्धीच ओळ म्हटली आणि गप्प. मग पुन्हा अर्धी ओळ, पुन्हा गप्प. मला बाहेर फक्त तेवढंच ऐकू येत होतं, उत्तरं, ज्यांचे प्रश्न मला ऐकू येत नव्हते. स्क्रीनवर मी आवाजाच्या लाटा बघत होते. रेकॉर्डिंगमधली मम्मी जिथे थांबलेली होती, बरोबर तिथे समोरची मम्मी गात होती.

झील म्हणजे ते. एकीने ओळ सोडायची आणि बाकीच्यांनी तिचा शेवट उचलायचा. काकी ओळ सोडायची. मम्मी आयुष्यभर झील धरत आली होती. माझ्या मायक्रोफोनसमोर ती पहिल्यांदा काकीच्या जागी बसली होती, आणि दर ओळीनंतर थांबून स्वतःची वाट बघत होती.

तिने हेडफोन काढले तेव्हा मी तिला ते सांगितलं नाही. “रविवारी तू झील धर,” एवढंच म्हटलं. “ओळ लॅपटॉप म्हणेल.”

“बाया हसतीन.”

“नाही हसणार. तू म्हणशील ना?”

“तू कर तं खरं,” ती म्हणाली. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही.

पण अगदी कोरडा आवाजही चालणार नव्हता. कोरडा आवाज स्पीकरवर लावला की तो स्पीकरच्या डब्यातच राहतो. घोषणा केल्यासारखा वाटतो. त्याला खोली हवीच, फक्त योग्य. मम्मी ज्या खोलीत झील धरायची ती खोली. म्हणून मी पर्समध्ये फुगा आणि मायक्रोफोन घेऊन आमच्या जुन्या गल्लीत गेले. रो-हाऊसच्या दारात नव्या लोकांच्या चपला होत्या, आत टीव्ही चालू होता, खिडकीला हिरवी जाळी लावली होती. एक बाई बाहेर येऊन तांदळाचं पाणी झाडाला घालून गेली. मी रस्त्यापलीकडे कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी मोबाईल हातात धरून उभी राहिले. दार वाजवून काय सांगणार होते? की तुमच्या खोलीत मला एक फुगा फोडू द्या? कोणी दुसरी असती तर तिने हसत सांगितलंही असतं, आणि त्यांनी चहासुद्धा दिला असता. मी परत आले.

मग आठवणीवरून काम केलं. खाली फरशी, वर पत्रा नव्हे, स्लॅब. एका भिंतीला गाद्यांची चळत, तिकडून आवाज परत यायचा नाही. काकी चौरंगाच्या उजवीकडे बसायची, मम्मी तिच्या इतकी जवळ की दोघींच्या बांगड्या एकमेकींना लागायच्या. ‘स्मॉल रूम’ नावाचा सगळ्यात साधा रिव्हर्ब मी घेतला, जो लॅपटॉपमध्ये पहिल्यापासून होता आणि मी कधी उघडलाही नव्हता. तो कमी करत करत इतका आणला, की आहे हे कळू नये, पण काढला तर शेजारचं माणूस उठून गेल्यासारखं वाटावं.

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली. रोट झाले. बिल्डिंगमधल्या बायका आल्या, खालच्या मासीही. त्या माझ्याकडे बघून हसल्या, त्यामुळे मी लॅपटॉपच्या मागे अजून सरकले. पप्पांनी स्पीकर चौरंगाच्या उजवीकडे ठेवला, मी सांगितलं होतं तिथे. मम्मी त्याच्या जवळ बसली.

मी गाणं सुरू केलं. पहिली ओळ आली. बायकांनी मम्मीकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग पुन्हा मम्मीकडे. तेवढ्यात मम्मीची वेळ निघून गेली आणि दुसरी ओळ सुरू झाली. ती मधेच शिरली, अडखळली, थांबली. तिसऱ्या ओळीलाही उशीर झाला. तिचे कान लाल झाले होते. फजिती म्हणाली होती ती हीच.

“थांब ना वं बाई!” मम्मी स्पीकरला म्हणाली. काकीला म्हणायची तसं.

बायका हसल्या. मी घाईने स्पेसबार दाबला. गाणं थांबलं. मम्मीने श्वास घेतला आणि अर्धी ओळ उचलली, शेवटपर्यंत, घाई न करता. मी पुन्हा स्पेसबार दाबला; पुढची ओळ आली आणि तिच्या शेवटी मी पुन्हा थांबवलं. मग तसंच चालू ठेवलं. दुसऱ्या फेरीला मासींनी आणि आणखी एकीने झिलीत आवाज मिसळला, शब्द चुकीचे म्हणत.

“तू बी म्हन ना,” मम्मी दोन ओळींच्या मधे मला म्हणाली.

मी मान हलवली. ती नाही म्हणून होती की हो म्हणून, ते तिने विचारलं नाही. माझं बोट स्पेसबारवर होतं आणि नजर तिच्या गळ्यावर. तिथे श्वास भरताना दिसला की मी गाणं थांबवायची आणि तो संपताना दिसला की पुढची ओळ सोडायची.