काहिलीच्या बुडाचा चिखल

वर्दी उतरवून मला बरीच वर्षं झाली. नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. नदीतून वर काढलेली ती काहील मात्र अजून डोळ्यांसमोर आहे, आणि तिच्यावरून पाणी निथळतं आहे.

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघा नातवंडांनी मला तुमच्या गावचं ते बुडालेल्या जहाजांचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. आत अंधार, थंडी आणि काचेच्या पेट्या होत्या. समुद्राच्या तळातून काढलेले चमचे, एक कंगवा, कातड्याचा एकच बूट. प्रत्येक वस्तूखाली नंबर आणि दोन ओळींची माहिती. मला ते फार आवडलं. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत मी असंच लावून घेत असे. शेवटच्या दालनात एका पेटीत नुसता चिखल-गंजाचा गोळा होता, नारळाएवढा. तिथली माहिती सांगणारी बाई म्हणाली की पाण्यातून वर आलेली वस्तू इथे लगेच धूत नाहीत. आधी एक्स-रेने तिचा आतला फोटो काढतात. या गोळ्यात काय आहे ते अजून ठरलेलं नाही, म्हणून तो तसाच ठेवला आहे.

मी तिथून हलेना, तेव्हा धाकटी म्हणाली, "आजी, इतकी सोन्याची नाणी सोडून तू दगडाकडे काय बघतेस?" आणि माझ्या डोळ्यांकडे लक्ष गेल्यावर, "पोलीस ना तू? पोलीस कुठे रडतात?"

 त्याचं उत्तर आता लिहून पाठवते आहे.

तेव्हा मी जालना जिल्ह्यात, गोदावरीच्या बाजूच्या एका ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. खाली बंधारा झाल्यापासून नदीचं पाणी वर्षभर फुगलेलं असे, आणि एका गावाची निम्मी शेतं पलीकडे अडकली होती. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जाई. म्हणून लोक काहिलीतून जात. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. सात-आठ माणसं मांडी घालून बसतील एवढी. एक जण फळीच्या वल्ह्याने ती हाकतो. आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. तहसीलदारांनी बंदीचा कागद चिकटवला होता. त्याच कागदाखाली उभं राहून लोक काहिलीची वाट बघत.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी काहील सहा बायकांना घेऊन निघाली आणि मध्यावर बुडाली. हाकणारा साठीचा शेतकरी होता. हाताला लागेल तिला धरून त्याने पाच जणींना काठाला आणलं. सहावी त्याची स्वतःची मुलगी होती. ती काहिलीच्या पलीकडच्या अंगाला पडली होती. तिचं सासर परतूरकडे होतं. माहेरी चार दिवस आली होती, दुसऱ्या दिवशी परतूरची गाडी धरायची होती. आईला हातभार म्हणून वेचणीला निघाली. तिसऱ्या प्रहरी भोई लोकांनी तिला बाहेर काढलं.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. घाबरलेल्या बायकांचे जबाब जुळत नव्हते. तिघी म्हणाल्या पाणी खालून आलं. दोघी म्हणाल्या एक जण डबा सावरायला उठली, काहील कलली आणि काठावरून पाणी आत आलं. म्हातारा काहीच बोलला नाही. अपघात म्हणून कागद पुढे जाणार होते.

पाचव्या दिवशी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराने तो शब्दशः टिपून ठेवला. "काहिलीच्या बुडाला भोक आहे. म्हाताऱ्याला माहीत होतं. काहील पाण्यातून वर काढा आन् पंचासमोर बघा." नाव सांगितलं नाही. आवाज वयस्क पुरुषाचा होता. नंबर गावातल्या किराणा दुकानदाराचा निघाला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, माझा फोन गल्ल्यावर पडलेला असतो. कुणीबी लावतं. मी कुणाकुणाचं ध्यान ठेवू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी भोयांनी दोर लावून काहील ओढली. ती काठोकाठ गाळाने भरलेली होती. काठावर पंचनामा झाला. मी स्वतः सांगितला, "चिखलाने भरलेली लोखंडी काहील, एक." पंचांच्या सह्या घेतल्या आणि ट्रॅक्टरवर घालून ती ठाण्यात आणली. मुद्देमालाच्या खोलीच्या दारातून ती आत जाईना, म्हणून आवारातल्या कडुलिंबाखाली उतरवली.

आमचे हवालदार गमतीदार होते. म्हणाले, "मॅडम, आता ठाण्यातच गूळ पाडायचा का? आरोपी गोड बोलतेल." सगळे हसले. मीही हसले.

मग मी तो हुकूम दिला. माझ्या ठाण्यात मुद्देमाल स्वच्छ असे, हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं. चाकू असो की सायकल, पुसून, कोरडी करून, चिठ्ठी बांधूनच ठेवायची. तपासणीला आलेले साहेब माझ्या त्या खोलीचं कौतुक करून जात. मी सफाईवाल्या बाईंना म्हटलं, "उद्या सकाळी हे सगळं खरवडून घ्या. लख्ख झाली पाहिजे."

सकाळी काहील लख्ख झाली. बुडाला, पत्रे जोडणाऱ्या एका रिबिटीशेजारी, बोट जाईल एवढं भोक दिसलं. मी पुन्हा पंच बोलावले. "बुडास एक भोक, उघडे." आमच्या दृष्टीने खबर खरी ठरली होती. भोक माहीत असून माणसं बसवली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत म्हणून गुन्हा दाखल केला आणि म्हाताऱ्याला चौकशीला बोलावलं.

तो आला तेव्हा दाढी वाढलेली होती. अंगात धुतलेला सदरा होता, बहुधा बायकोने घालायला लावलेला. नोकरीत मी एक पाहिलं होतं. ज्याने लपवलेलं असतं तो बोलताना दाराकडे बघतो. हा दाराकडे बघत नव्हता. स्वतःच्या हातांकडे बघत होता. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तासभर इकडचं-तिकडचं विचारलं. कापूस किती झाला, विहिरीला पाणी किती. तो "हां" आणि "न्हाई" एवढंच बोलत होता.

शेवटी मी सरळ विचारलं, "भोक तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं. तीन साल झाले त्याला."

"मग माणसं कशी बसवली?"

"चिंधी लावायचो, मॅडम. डांबरात बुडवून, ठोकून. एक थेंब येत न्हाई. संध्याकाळी ओढून काढायची, आतलं पाणी निथळू द्यायचं. सकाळी नवी लावायची. रोज."

"त्या दिवशी लावली होती?"

बाहेर ठाणे अंमलदार फोनवर कुणाशी तरी बोलत होता. म्हाताऱ्याने त्या आवाजाकडे मान केली आणि म्हणाला, "त्या साहेबाला मीच फोन केल्ता."

मला वाटलं मी चुकून काहीतरी वेगळं ऐकलं. "कुठला फोन?"

"भोकाचा. किराणावाल्याच्या फोनवरून. तो मीच."

"स्वतःविरुद्ध खबर दिली? का?"

तो हळूहळू बोलू लागला, आणि बोलताना दोन बोटं एकमेकांवर घासत होता, चिंधी वळतो तशी. "त्या दिवशी चिंधी पोरीनं फाडून दिल्ती. तिच्या जुन्या पातळाची, हिरवी. म्हणे, दादा, रोज धोतर फाडता, उद्या नेसताल काय? मी हसलो. चिंधी हातात घेतली, डांबरात बुडवली, तिथवर आठवतं. मंग बायकांनी आवाज दिला, जल्दी करा, ऊन होऊन राह्यलं. मंग मी लावली का न्हाई, तेच आठवत न्हाई. रातदिस आठवून राह्यलो, मॅडम. दिल्ती ते आठवतं. लावली ते आठवत न्हाई."



"माझ्यानं पाण्यात जाऊन बघवलं नसतं. म्हणून म्हटलं, पोलीस काढतेल, पंचासमोर बघतेल, कागदावर येईल. लावलेली असंल तर चिखलाखाली तिथंच बसलेली असंल. डांबर लोखंड सोडत न्हाई." मग पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. "शिक्षा कितीबी द्या. तेवढं सांगा मला. भोकात चिंधी होती का?"

माझ्यासमोर दोन्ही पंचनामे होते. पहिल्यात चिखल होता, दुसऱ्यात उघडं भोक. मधला एक पंचनामा करायचा राहून गेला होता. त्या मधल्या वेळात माझ्या हुकुमाने खरवडणं झालं होतं.

त्याला बसवून ठेवलं आणि मी आवारात गेले. सफाईवाल्या बाई झाडत होत्या. मी विचारलं, "मावशी, काहील साफ करताना बुडातून काही निघालं का?"

"चिखलच की, बाई. दुसरं काय निघणार?"

"नीट आठवा. कापडाचा गोळा, चिंधी?"

त्यांनी केरसुणी थांबवली. "हां, एक काळा गोळा निघाला. खुरप्यानं उपसला. लई चिवट होता."

"भोकातून निघाला, की चिखलात पडलेला होता?"

"आता ते कुठं बघितलं मी? तुम्हीच म्हणला, लख्ख करा. मी खरवडत गेले."

"कुठे टाकला?"

"कचऱ्यात. काल पेटवला कचरा." माझा चेहरा बघून त्या जरा घाबरल्या आणि समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "डांबर होतं ना त्याला, चांगला पेटला."

मी त्या राखेपाशी गेले. काठीने उकरत राहिले. हवालदार मागून आले. या वेळी त्यांनी गंमत केली नाही. तेही बसून उकरू लागले. काही सापडलं नाही.

त्याच दिवशी मी मावशींचा जबाब घेतला आणि केस डायरीत सगळं लिहिलं. मुद्देमाल माझ्या आदेशाने धुतला गेला, आणि त्यात पुरावा नष्ट झाला असण्याची शक्यता आहे, असं. वरून खुलासा मागवला, तो मी दिला. प्रतिकूल शेरा मिळाला, तो मला मिळायलाच हवा होता. तो काही मोठा भाग नाही.

खटला अंबडच्या कोर्टात चालला. म्हातारा प्रत्येक तारखेला वेळेआधी येऊन बसे. वकील त्याला सांगत, "तुम्ही म्हणा, लावली होती." तो म्हणे, "आठवत न्हाई तर म्हणू कसं?" माझ्याच डायरीमुळे शंका उभी राहिली आणि संशयाचा फायदा देऊन कोर्टाने त्याला सोडलं. बाहेर व्हरांड्यात नातेवाईक त्याच्या पाठीवर हात ठेवत होते, सुटला म्हणत होते. तो त्यांच्यातून वाट काढत माझ्यापर्यंत आला.

"मॅडम, त्या झाडणाऱ्या बाईनं जो गोळा बघितला, त्याचा रंग कोणता होता?"

मला लगेच समजलं नाही. त्याने समजावून सांगितलं. आदल्या दिवशीची चिंधी त्याच्या धोतराची होती, पांढरी. कधीकधी संध्याकाळी ओढलेली जुनी चिंधी काहिलीतच पडून राही. गोळा पांढऱ्या कापडाचा असेल तर तो आदल्या दिवशीचा. हिरव्या कापडाचा असेल, तर पोरीने दिलेली चिंधी त्याने ठोकली होती. मग पाणी काठावरून आलं असेल, आणि त्याच्याकडून काही राहिलं नव्हतं.

मी ठाण्यात परत येऊन मावशींना विचारलं. त्यांनी खूप वेळ विचार केला. त्यांनाही सांगायचं होतं, ते मला दिसत होतं. "बाई, खोटं कशाला बोलू? काळाच होता. डांबरात रंग कुठला दिसतो?"

दोन दिवसांनी मी साध्या साडीत त्या गावी गेले. तो अंगणात बसला होता. म्हातारीने माझ्यापुढे चहा ठेवला आणि दारातच थांबली. ठाण्यातून निघाल्यापासून एकच विचार माझ्या डोक्यात होता. एक शब्द. "हिरवा." तो शब्द तपासायला आता कुणी उरलं नव्हतं. कोर्ट संपलं होतं, राख विखुरली होती, मावशी माझ्या शब्दाबाहेर गेल्या नसत्या. त्या एका शब्दाने या दोघांना झोप लागली असती.

मी म्हटलं, "काळा होता, दादा. त्यांना रंग दिसला नाही."

तो मान हलवून म्हणाला, "हां. डांबरात हिरवं बी काळंच दिसतंय." दारातल्या म्हातारीकडे वळून त्याने तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. "हिरवं बी काळंच दिसतंय म्हणलं." ती आत गेली.

काहील परत न्यायचा कोर्टाचा आदेश होता, पण म्हातारा ती न्यायला कधी आला नाही. माझी बदली झाली तेव्हाही ती लिंबाखाली होती, पालथी, माझ्या हाताने नंबर घातलेली.

त्या दिवशी मी खोटं बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नोकरीत मी जे पाहिलं नाही ते कधी लिहिलं नाही, म्हणून तसं बोललेही नाही. पण मी जे बघायला हवं होतं ते बघितलं नाही, हे त्याच्या आधीचं आहे. माझ्या हाताखालच्या नवीन मुलांना मी नंतर एवढंच सांगत असे, की वस्तू आधी बघा, मग उचला, आणि पुसायची घाई करू नका. ती मला फार कडक समजत. मला स्वच्छता आवडते असंच सगळे म्हणत राहिले.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पोलीस रडतात. त्या पेटीतल्या गोळ्यात काय आहे ते तिथल्या लोकांना अजून कळलेलं नाही. समुद्रात बुडालेल्या कुणाचं तरी काहीतरी असेल. विचारणारं आता कुणी जिवंतही नसेल, तरी त्यांनी तो दिवा लावून, काचेत, न धुता ठेवला आहे. माझ्या ठाण्याच्या आवारात तसाच एक गोळा रात्रभर चिखलात पडून होता, आणि त्याच्याबद्दल विचारणारा माणूस तेव्हा चार कोसांवर जिवंत होता.