नसीमाबद्दल मी न बोललेलं वाक्य

बहरीनमध्ये वाढलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आपल्याला घरात सगळं शिकवलं. स्वतःबद्दल चार चांगले शब्द बोलायला मात्र कुणी शिकवलं नाही.

त्यापायी एका मुलीचं कॉलेज गेलं.
आणि त्यात माझाही हात होता.

काल नसीमा गेली. कॅन्सरने.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ती मूळची राजापूरची, तिचे अब्बा इथे बहरीनमध्ये तुबलीच्या गॅरेजात मेकॅनिक. मी वसईची, आई हॉस्पिटलात नर्स.
बारावीत दोघींनी अमेरिकेतल्या एकाच कॉलेजचा फॉर्म भरला. स्कॉलरशिप मिळाली तरच जाणं शक्य होतं.

त्या कॉलेजचा एक माजी विद्यार्थी, गोरा इंजिनिअर, बहरीनमध्येच जनाबियात राहायचा. अर्ज केलेल्या मुलांना तो घरी बोलवायचा, तासभर बोलायचा आणि कॉलेजला रिपोर्ट पाठवायचा.

अब्बांनी आम्हाला गॅरेजच्या पिकअपमधून सोडलं आणि बाहेर उन्हात थांबले.

नसीमा आधी गेली. वीस मिनिटांत बाहेर आली.
शाळेबाहेर काय करतेस, असं त्याने विचारलं होतं. ही म्हणाली, काही नाही, घरी मदत करते.

काही नाही?
दर शुक्रवारी सकाळी गॅरेजच्या मागच्या खोलीत ही मुलगी कामगारांची पत्रं लिहायची. मराठी, हिंदी, उर्दू. व्हिसाचे फॉर्म भरायची. वाचता न येणाऱ्यांना त्यांच्या बायकांची पत्रं वाचून दाखवायची, आणि त्यातलं अक्षरही बाहेर बोलायची नाही.

मी चिडले. "सांगितलं का नाहीस?"
"काय सांगू गो? लोकांसाठी केलेलं असं बोलून दाखवायचं? अब्बांना कळलं तर काय म्हणतील?"

मग मी आत गेले. मी बोलणारी. डिबेट, नाटक, ट्रॉफ्या, सगळं घडाघडा सांगितलं.
वही मिटता मिटता त्यानेच विचारलं, तुझी मैत्रीण फार गप्प होती, तिच्याबद्दल मला काही कळायला हवं का?

एक वाक्य पुरलं असतं.
मला वाटलं, जागा एकच असेल.
मी म्हणाले, "शी इज अ नाइस गर्ल."

मला होकाराचं पत्र आलं. तिला नकाराचं.
त्याच संध्याकाळी ती डबाभर सांदणं घेऊन आमच्याकडे आली. माझ्या आईला म्हणाली, "आंटी, आता रडू नका हां, ती रडेल."

पुढे ती बाब अल बहरीनजवळच्या एका ऑफिसात टायपिस्ट झाली, ती शेवटपर्यंत.
मी दर सुट्टीत भेटायचे. दर वेळी त्या दिवसाची कबुली जिभेवर यायची, दर वेळी गिळायचे.
आता ऐकायला ती नाही.

काल तिच्या घराबाहेरची गल्ली पुरुषांनी भरली होती. तेलकट कपड्यांतले, कामावरून तसेच आलेले. काही म्हातारे, काही कालपरवा नोकरीला लागलेले. एक जण भिंतीकडे तोंड करून रडत होता.
तिची लेक खिडकीतून बघत होती. तिने मला विचारलं, "आंटी, हू आर ऑल दीज मेन?"

आईने लेकीलाही सांगितलं नव्हतं.

म्हणून एकच मागते. नसीमाने तुमच्या वडिलांचं, काकांचं पत्र लिहिलं असेल, फॉर्म भरला असेल, तर आज इथे खाली एक ओळ लिहा. इंग्रजीत लिहा, लेकीला मराठी वाचता येत नाही. तिला हे पान मी उघडून दिलं आहे.

पहिली ओळ माझी आहे. फार उशिराची.

नसीमा, माफ कर गो.

बाकीच्यांनो, उशीर करू नका. आत्ता लिहा.