पंपाच्या खोलीमागचा रातांबा

मूर्खपणा माझाच. आईने रातांब्याची दोन रोपं माझ्यापुढे ठेवली होती आणि त्यातलं एक मीच फेकून दिलं.

रातांबा म्हणजे आमच्या आमसुलाचं झाड. रत्नागिरीपासून गोवा, कारवार, थेट केरळपर्यंत सह्याद्रीच्या उतारावर, तांबड्या मातीत ते आपसूक येतं. मीरा रोडच्या खाऱ्या भरावावर त्याने का म्हणून जगावं? पण आईच्या माहेरची वाडी विकली गेली, तिथला रातांबा तोडला गेला, आणि त्याच्या शेवटच्या फळांच्या बिया रुमालात बांधून ती इथे, मीरा रोडच्या आमच्या पूनम सागर सोसायटीत घेऊन आली. तेलाच्या डब्यात दोनच रुजल्या. "ह्याची आमसुलं एकदा घातली की मी सुटले," म्हणायची.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आंटी, एक ही लगाव. जगह किधर है?" पंपाच्या खोलीमागे एक खड्डा मिळाला. आई मला म्हणाली, "तूच ठरव गो. माझा हात नाही व्हायचा." मी उंच, तरतरीत रोप ठेवलं आणि खुरटं भिंतीपलीकडे खाडीच्या चिखलात भिरकावलं. रातांब्यात नर वेगळा, मादी वेगळी. फुलेपर्यंत ओळखू येत नाही, म्हणून गावी तोवर सगळीच राखतात. मला दीडशहाणीला हे कुठे ठाऊक! आईला ठाऊक होतं, पण परक्या माणसांपुढे तिची जीभ रेटत नसे.

आठ वर्षं तिने ते वाढवलं. पाणी टँकरचं, झाडाला कोण देणार? ती तांदळाचं धुवण कळशीत साठवायची आणि तीन जिने उतरून घालायची. गुडघे गेले तरी मला कळशीला हात लावू दिला नाही.

शेवटी एका हिवाळ्यात झाड फुललं. मी धावत वर गेले, मूठभर फुलं तिच्या ओंजळीत घातली. तिने नखाने एक उकललं, मग दुसरं, तिसरं. आत फळाचा हिरवा ठिपका कुठेच नव्हता.

"नर आहे गो," ती म्हणाली. मग ओंजळीतली फुलं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, "ते दुसरं कुठे टाकलेलंस?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी खिडकीतून बोट दाखवलं. तिथे भराव घालून नवीन बिल्डिंगचा तिसरा स्लॅब पडला होता. माफी तरी कशाची मागणार होते?

संध्याकाळी आईने भाताचे तांदूळ धुतले आणि धुवण मोरीत ओतून दिलं.