सही न करणारी

आमच्या बेलापूरची ती बाई बंदरावरच्या प्रयोगशाळेत परदेशातून आलेलं भाज्यांचं बियाणं तपासते. सुट्टीला गावी आली की माझ्या रोपवाटिकेत डोकावते, पण आत शिरण्याआधी चपला धुते आणि बोलता बोलता पानं उलटी करून बघते. एवढी शिकली, तरी बोलणं गावचंच.

गेल्या वर्षी मी कंपनीकडून मागवलेलं टोमॅटोचं बियाणं तिच्याच टेबलावर अडकलं. त्यात विषाणू सापडला होता. बियाणं सोडायच्या कागदावर सही कर, नाहीतर बदली करू, अशी कंपनीवाल्यांनी तिला धमकी दिली. मीही फोन केला, "ताई, गाववाल्याचं तरी बघा. वाफे तयार हायेत."

"गाववाल्याचंच बघतीय, दादा. हे बियानं रुजलं तर आख्ख्या शिवारातला टमाटा जाईल. बदली करू द्या, सही मी करनार न्हाई."

बियाणं जाळलं गेलं, माझा हंगाम बुडाला. तिची खरंच लांबच्या बंदरावर बदली झाली. रागाने मी बरेच दिवस बोललो नाही. शेवटी न राहवून मीच फोन लावला. म्हटलं, "तिकडं कसं काय?"

"हितंबी बियानं येतंच की," ती म्हणाली, "आन् हितंबी तपासनारी मीच हाय."