आंब्यावर टाकलेली तार

आमच्या नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये शॉर्टवेव्ह लावली की नुसती खरखर. लिफ्ट, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, सगळे तिच्या मुळावर उठलेले. म्हणून निवृत्तीनंतर यांनी गाडीलाच रेडिओची खोली करून टाकलं होतं. त्या संध्याकाळी मात्र ती हौस नव्हती. कॉलेजात असल्यापासून हे ज्या परदेशी केंद्राची हिंदी सभा ऐकत आले, ती त्या दिवशी कायमची बंद होणार होती. शेवटचा अर्धा तास, त्यात निवेदिका श्रोत्यांचा निरोप घेणार. तो निरोप यांना काहीही करून ऐकायचा होता. दुपारी जेवतानाही यांचं ताटात लक्ष नव्हतं.

हरसूलच्या रस्त्याला वस्ती मागे पडल्यावर एका शेताच्या कडेला गाडी लावली. गाडीचा पत्रा लाटा अडवतो, त्यामुळे तार बाहेरच हवी. यांनी सुतळीला दगड बांधून आंब्याच्या फांदीवरून फेकला. दोनदा हुकला, मग जमलं. सुतळीने तार वर ओढली आणि तिचं दुसरं टोक काचेच्या फटीतून आत घेऊन रेडिओच्या एरियलला चिमट्याने लावलं. स्टेशन लागलं, पण त्यावर टक्, टक्, टक्. इतकं मोठं, की शब्दच ऐकू येईना.

इंजिन बंदच होतं. यांनी चार्जर उपटला, डॅशकॅम काढला, माझा फोन बंद करायला लावला. टकटक चालूच.

"तुझं ते पावलं मोजणारं घड्याळ काढ," हे खेकसले.

मी काढून यांच्या हातात आपटलं. आता माझाही पारा चढला होता.

तेवढ्यात शेतातून एक बाई आली. "ताई, कुंपणाच्या तारंला हात नका लावू. झटका मशीन चालू हाय."

कुंपणात सेकंदासेकंदाला झटका सोडणारं तेच यंत्र आमच्या रेडिओत टकटकत होतं. यांनी हात जोडले. अर्धा तास बंद कराल का?

"सांजंलाच डुकरं येत्यात. भुईमूग काढायला आलाय. मी एकली कुठंकुठं धावू?"

"मी येते राखणीला," माझ्या तोंडून निघून गेलं.

मशीन बंद झालं. हे रेडिओला कान लावून बसले. बांधाच्या एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला मी, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. अंधारत चाललं होतं. मला भयंकर भीती वाटत होती. मी जन्मात कधी घरातला उंदीरही हाकलला नव्हता. डबा बडवत राहिले. बऱ्याच वेळाने समोरचं गवत हललं, घुरघुर ऐकू आली आणि माझा हात थांबला. ओरडताही येईना.

गाडीचं दार उघडलं. हे बॅटरी घेऊन ढेकळांतून धडपडत, आरडाओरडा करत आले. डुकरं पळाली. बाईने जाऊन मशीन पुन्हा चालू केलं. आम्ही गाडीशी पोचलो तेव्हा रेडिओत फक्त टकटक होती.

"घेतला का तिने निरोप?"

"घेत होती," म्हणाले, आणि तार गुंडाळू लागले.

मी चिडले. दोन मिनिटं थांबता येत नव्हतं का?

"तुझा डबा वाजायचा थांबला ना."

मला रडूच आलं. इतकी वर्षं ही सभा चालू असताना दूध उतू जायचं, दाराची बेल वाजायची, मी हाका मारून थकायचे. हे एकदाही जागचे हलले नव्हते.