सगळ्यांना एकच पुस्तक

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. विठ्ठलवाडीच्या चाळीत राहून बी.ए. केलं, हे मी अजूनही लोकांना सांगते आणि सांगताना लाजत नाही. बहुतेक म्हणूनच आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी यंदा बक्षिसाच्या पुस्तकांचं काम मला दिलं. सव्वीस जानेवारीला पूजा असते, संध्याकाळी मुलांना पुस्तकं वाटतात. दरवर्षी सगळ्यांना एकच, कुठल्यातरी थोर माणसाचं चरित्र. पहिलीतल्या पोराला तेच आणि दहावीतल्या मुलीलाही तेच.

मी ठरवलं, हे नीट करायचं. वही घेऊन पंधरा दिवस दारोदार फिरले. लहानांना मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं. इंग्रजी शाळेतली सहावी-सातवीची मुलं मराठी अडखळत वाचतात, पण ससा-कासवाचं पुस्तक हातात दिलं की त्यांना अपमान वाटतो. त्यांच्यासाठी छोट्या वाक्यांच्या भुताच्या गोष्टी. नववीतल्या एकाला क्रिकेटशिवाय काही नको. मग क्रिकेटचंच द्या ना, वाचेल तरी.

चौथ्या मजल्यावरची आठवीतली मुलगी दारातच म्हणाली, "काकू, मला नको. ते चरित्र दोनदा मिळालंय."

"मग काय आवडतं ते सांग."

तिने जिन्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "जिन्याच्या खिडकीत एक कोळी आहे. रोज जाळं मोडतो आणि नवीन करतो. कशाला, ते कुठे लिहिलंय का?"

"असेल ना. मी आणते."

"नक्की?"

"नक्की."

आतापर्यंत तिला असं कोणी विचारलंच नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

उल्हासनगर कॅम्प पाचचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये मकडी कौनसी क्लास में आती है?" त्याच्याकडे सगळी गाइडंच. शेवटी ठाण्यात एक पुस्तक मिळालं. रंगीत, सोप्या मराठीतलं. कमिटीला दाखवायला म्हणून एक प्रत घेतली आणि यादीसोबत सेक्रेटरींपुढे ठेवली.

"ताई, लिस्ट एक नंबर झालीय," ते म्हणाले. "पण एकीच्या पोराला जाडं आणि दुसरीच्या पोराला पातळ दिलं, तर जिन्यात भांडणं लागतील. तुमचं काय, ऐकून मला घ्यावं लागतं."

"अहो, चपला वाटल्या असत्या तर सगळ्यांना एकाच मापाच्या दिल्या असत्या का?"

"चपला आपण वाटतच नाही," म्हणून ते हसले. "ठेवा लिस्ट. बघतो."

'बघतो' म्हणजे झालं, असं मी धरून चालले. चूक माझी.

सव्वीसला खोके उघडले, तर पुन्हा तेच चरित्र. तळापर्यंत तेच. मी सेक्रेटरींकडे निघाले, तेवढ्यात ते माइकवर बोलू लागले. "यंदाची पुस्तकं आपल्या ग्रॅज्युएट ताईंनी घरोघरी फिरून निवडली आहेत. जोरदार टाळ्या."

तिथंच सांगायला हवं होतं की ही पुस्तकं मी निवडलेली नाहीत. एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही. पण पहिल्या रांगेत माझी आई बसली होती, आणि 'ग्रॅज्युएट' हा शब्द माइकवरून ऐकून ती शेजारणीकडे वळली होती. मी हात जोडले आणि खाली बसले. चौथ्या मजल्यावरची मुलगी तिसरं चरित्र हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी, सेक्रेटरींना दाखवून परत आणलेलं कोळ्याचं पुस्तक घेऊन तिच्याकडे गेले. "कालचं मी निवडलेलं नव्हतं गं," मी म्हटलं.

"मग काल बोलायचं ना, काकू."

ती हे चिडून नाही बोलली, त्याचंच जास्त लागलं. पुस्तक पुढे केलं तर म्हणाली, "आता युनिट टेस्ट आहे. बघते नंतर." आणि पुस्तक न घेताच हळूच दार लावून घेतलं.

घरी आले आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'कालची पुस्तकं मी निवडलेली नाहीत. माझी यादी वेगळी होती. काल टाळ्या घेतल्या, ते चुकलं.' पाठवून टाकलं. वाटलं, आता होऊ दे भांडण.

पाच-सहा जणांनी नमस्काराचे हात टाकले. सेक्रेटरींनी खाली लिहिलं, 'एवढं करूनही श्रेय घेत नाहीत. ताईंचा हाच साधेपणा.'